जीप उचलली, पण खालचं काय? सस्पेन्शन-ॲक्सलचे बाहेरचे पार्ट बसवण्याआधी हे बघा

नवीन पनवेल : पाऊस सुरू झाला की नेरे, मालडुंगे, धोदाणीच्या रस्त्याला रविवारी बाहेरच्या थार आणि जिप्सी दिसायला लागतात. चाकं मोठी, बॉडी हवेत. ते बघून आपल्याकडची पोरंही जुनी जीप गॅरेजला नेतात आणि सांगतात, "दोन इंच उचलून द्या." मीही एकदा तेच केलं होतं, म्हणून हे लिहितोय.

माझी जुनी एमएम ५४०. बांधावरून उतरताना खाली घासायची. गॅरेजवाल्याने मागे एक जास्तीचा पाटा टाकला, लांब शॅकल लावले आणि गाडी दिली. दिसायला रुबाबदार झाली. भात काढणीच्या दिवसात मागे गोण्या आणि दोन माणसं घेऊन उतारावरून येत होतो. मागचं एक चाक नाल्याच्या खड्ड्यात लोंबकळलं, पुढच्या क्षणी ब्रेकचा पेडल थेट पत्र्याला टेकला. गाडी लो गिअरमध्ये होती म्हणून बांधाला नेऊन टेकवता आली. खाली वाकून बघितलं तर चासीवरून ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज ताणून फाटलेला. ॲक्सल दोन इंच खाली गेला होता आणि होज मात्र जुन्या मापाचाच. पंधरा मिनिटांचं काम कुणी केलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. जीप, जिप्सी, जिम्नी यांना पुढे-मागे अखंड ॲक्सल असतो. मधे भोपळ्यासारखा जो गोळा दिसतो तो डिफरन्शियल. चालताना दगड आधी लागतो तो याच गोळ्याला. लिफ्ट किट टाकलं की बॉडी आणि चासी वर जाते, पण गोळा जिथे होता तिथेच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे, स्प्रिंगवर नाही. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो, तोही अर्ध्या हिशेबाने. टायरची उंची दोन इंच वाढली तर गोळा एकच इंच वर जातो. मग लिफ्ट कशाला? मोठा टायर मडगार्डला घासू नये आणि नाला चढताना बंपर आधी टेकू नये यासाठी. नुसता गाळ आणि बांध पार करायचा असेल तर चांगल्या नक्षीचे टायर आणि नीट शॉकॲब्सॉर्बर एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं असं माझं मत.

तरीही उचलायचीच असेल तर जुन्या पाट्याच्या गाड्यांना तीन रस्ते आहेत. लांब शॅकल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवे. पुढे लांब शॅकल टाकले की ॲक्सल किंचित फिरतो, स्टेअरिंगचा कास्टर कोन बदलतो आणि जुन्या हायवेवर वेग घेतला की गाडी भरकटायला लागते. दुसरा रस्ता नवीन, जास्त बाक असलेल्या पाट्यांचा. महाग पडतो पण काम सरळ. तिसरा म्हणजे जिप्सीत ॲक्सलच्या खालून जाणारे पाटे वरून घेणे. यात चार-पाच इंच एकदम मिळतात. पण पाट्याची नवी बैठक वेल्ड करावी लागते, स्टेअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडतात आणि जोर लावला की ॲक्सल स्वतःभोवती पीळ खातो. रोजच्या वापराच्या गाडीला हे करू नका.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीचं गणित वेगळं. जिम्नीत ॲक्सल आडवा हलू नये म्हणून एक तिरका दांडा असतो. गाडी वर गेली की हा दांडा ॲक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून मापात कमी-जास्त करता येणारा दांडा सोबत घ्यावा लागतो. २०२० मध्ये आलेल्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाहीच, दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात. तिथे स्प्रिंगवर गोल चकती ठेवून उंची वाढवली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन तिरका होतो, रबरी बूट फाटतो, आत चिखल जातो आणि जॉइंट कट-कट वाजायला लागतो. ही गाडी कंपनीतूनच २२६ मिलिमीटर उंच येते. तिला आणखी किती उचलायची हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शॉकॲब्सॉर्बरची लांबी तर कुणी मोजतच नाही. जुना आखूड शॉक नव्या उंचीवर ठेवला तर चाक लोंबकळताना सगळं वजन त्याच्यावर येतं आणि चासीवरचा ब्रॅकेट उपटतो. फार लांब घेतला तर खड्ड्यात दाबल्यावर तो आतल्या आत ठोकर खातो. माप घ्यायची पद्धत सोपी आहे. चासीखाली भक्कम घोड्या लावा, चाकं हवेत लोंबू द्या आणि शॉक, ब्रेक होज, प्रोपेलर शाफ्ट किती ताणले गेलेत ते बघा. मग एक चाक उंच लाकडी ठोकळ्यावर चढवून दुसऱ्या टोकाचं माप घ्या. होज दोन्ही वेळी सैल हवा. प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड बाहेर निघायच्या बेताला आला असेल तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. आणि कॉइल स्प्रिंग दाबायचं हत्यार नसेल तर ती घरी काढू नका, सुटली तर हात जातो.

दोन बारीक गोष्टी, गॅरेजमध्ये उभं राहून बघायच्या. यु-बोल्ट नेहमी नवे लावा. ते एकदा ताणले की पुन्हा पकड धरत नाहीत. आणि रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना, वजन चाकांवर असताना शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर रबर कायम पीळ घेऊन बसतं आणि काही महिन्यांत फाटतं. घाईत हेच राहतं.

आता ॲक्सल. मोठ्या टायरने हाफ शाफ्टवर जास्त जोर येतो, हे आपल्याला ट्रॅक्टरमुळे कळतं. ट्रॅक्टरला पायाशी डिफ लॉकचा पेडल असतो. एक चाक चिखलात फिरत राहिलं की तो दाबतो आणि दोन्ही चाकं बांधली जातात. जीपला बाहेरून लॉकर बसवणं म्हणजे तेच. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा हवेवर चालणारा लॉकर यात नावाजलेला, बटण दाबलं की लागतो, सोडलं की सुटतो. स्वस्तात हवं म्हणून काही जण डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्ड करून टाकतात. मग वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरायला वावच उरत नाही. टायर घासतो, शाफ्ट तुटतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे नकोच.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून ॲक्सल किंवा क्राउन-पिनियन आणणाऱ्यांनी एक मोजणी नक्की करावी. मोठ्या गिअरचे दात भागिले लहान गिअरचे दात. ४३ आणि ८ असतील तर गुणोत्तर ५.३७ येतं, ३९ आणि ८ असतील तर ४.८७. फोर बाय फोर गाडीत पुढे-मागे हा आकडा एकच हवा. वेगळा असेल तर फोर बाय फोर लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केस जाते. शाफ्ट घेताना फुल फ्लोटिंग की सेमी फ्लोटिंग तेही विचारा. फुल फ्लोटिंगमध्ये शाफ्ट तुटला तरी चाक हबवर टिकून राहतं. सेमीत चाकाचं वजनच शाफ्टवर असतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती कंपनीच्या मूळ मापापासून वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पार्ट घेण्याआधीच आरटीओत विचारा. विमा कंपनीला बदल लपवला तर अपघातानंतर क्लेम अडकतो. पिकअपला जास्तीचा पाटा टाकून भाजी वाशीला नेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा : पाट्याने गाडी खाली बसत नाही एवढंच. ब्रेक, टायर, ॲक्सल आणि आरसीवरचं वजन होतं तेवढंच राहतं.

माझ्या जीपचे लांब शॅकल मी काढून टाकले. कंपनीच्या मापाचे पाटे, नवे शॉक आणि नवा होज बसवला. बांधावर अजून थोडी घासते. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरला यु-बोल्ट परत आवळायला गेलो, तर चारपैकी दोन नटांनी अर्धा फेरा घेतला.