स्पार्क प्लग : निवड आणि बसवणी

मालाची ने-आण करणारी पेट्रोल अथवा सीएनजी गाडी सकाळी सुरू होण्यास कुरकुरू लागली, चढावर तिची ओढ कमी पडू लागली, उभी असताना इंजिन 'मिसिंग' करू लागले, की बहुधा बॅटरीवर किंवा पेट्रोलच्या दर्जावर ठपका ठेवला जातो. पुष्कळदा दोष काहीशे रुपयांच्या स्पार्क प्लगमध्ये असतो. (डिझेल गाडीत हा प्लग नसतोच.) हा खर्च लांबणीवर टाकण्यात बचत नाही. ठिणगी चुकली की न जळलेले इंधन सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो भाग निकामी झाल्यास त्याच्या किमतीत प्लगचे कित्येक संच आले असते.

निवड गाडीच्या माहितीपुस्तिकेतील क्रमांकानुसारच करावी. त्या क्रमांकातील प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. एनजीकेच्या 'बीपीआर6ईएस' या क्रमांकात 'बी' म्हणजे 14 मिलिमीटर व्यासाचे आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेले टोक, 'आर' म्हणजे रेडिओतील खरखर रोखणारा रोधक आणि 'ई' म्हणजे 19 मिलिमीटर लांबीचे आटे. आटे गरजेपेक्षा लांब असल्यास प्लगचे टोक पिस्टनवर आदळू शकते. मधला 6 हा उष्णतेचा क्रमांक आहे. प्लग फार थंड राहिला तर त्यावर काजळी धरते. फार तापला तर ठिणगीआधीच इंधन पेटून पिस्टनला इजा होते. येथे एक गंमत, किंबहुना धोका आहे. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड समजावा, बॉशमध्ये मात्र गरम. त्यामुळे 'हा जवळपासचाच नंबर आहे' हे दुकानदाराचे आश्वासन निरुपयोगी ठरते. नामांकित कंपन्यांच्या वेष्टनात बनावट प्लगही विकले जातात; स्वतः पक्के बिल देणाऱ्या व्यापाऱ्याने येथेही पक्के बिल मागावे.

निकेलचा प्लग चारचाकीत साधारण 30 ते 40 हजार किलोमीटर टिकतो, इरिडियमचा त्याहून पुष्कळ अधिक. मात्र इरिडियममुळे अ‍ॅव्हरेज वाढते, ही समजूत अतिशयोक्त आहे. नवा प्लग बहुधा गमावलेले तेवढेच परत देतो. सीएनजी पेटवण्यास अधिक दाबाची वीज लागते, म्हणून अशा गाडीचे प्लग लवकर तपासावेत.

बसवणीचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड गरम असताना प्लग काढल्यास आटे सोलवटतात. प्रथम खाचेतील धूळ हवेने उडवावी, अन्यथा ती थेट सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढलेला प्लग बोलका असतो : फिकट तपकिरी टोक हे प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण, कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, तेलकट ओल म्हणजे ऑइल वर चढत आहे. अशा वेळी केवळ प्लग बदलून भागत नाही.

नव्या निकेल प्लगमधील फट पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने पाहावी; इरिडियमच्या नाजूक टोकाशी खेळू नये. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. प्लग पान्याने नव्हे, हाताने आट्यांत फिरवत न्यावा. तो अडला तर जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा सरळ धरावा. वाकडा घुसलेला प्लग हेडचे आटे कापतो आणि दुरुस्ती हजारोंच्या घरात जाते. वॉशर असलेला 14 मिलिमीटरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेराच आवळावा. टॉर्क रेंच असल्यास 25 ते 30 न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे तो नकळत अधिक घट्ट बसतो.

बसवताना हातून फरशीवर पडलेला प्लग मात्र बाजूलाच ठेवावा. चिनी मातीच्या आवरणाला गेलेली तडा डोळ्यांना दिसत नाही, आणि ठिणगी तिथूनच निसटते.