मशीन वर काढण्याआधी

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते आणि ३१ जुलैपर्यंत बंद राहते. माशांच्या विणीचे हे ६१ दिवस किनाऱ्यावर मात्र फिटरच्या हंगामाचे असतात. हर्णै, मिरकरवाडा, रेवदंडा, वर्सोवा, सातपाटी, कुठेही जा. बोटी वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर ताडपत्री नाहीतर झावळ्यांची शाकारणी असते आणि आत कोणीतरी गुडघ्यावर बसून पाना फिरवत असतो. ऑइल बदलणं, नोझल तपासून आणणं, पंख्याचं म्हणजे प्रोपेलरचं बेअरिंग बघणं ही दरवर्षीची कामं.

यातली अवघड बोट वेगळी. ती दोन-तीन पावसाळे खाडीच्या कडेला पडून आहे. सांगाडा धड आहे, पण ‘मशीन गेलंय’ म्हणून मालकाने हात टेकलेत. अशी बोट स्वस्तात जाते. घेणारा बहुधा दुसऱ्याच्या बोटीवर वर्षानुवर्षं राबलेला आणि आता स्वतःची बोट हवी असलेला तांडेल असतो, नाहीतर पर्यटकांना फिरवायचा धंदा सुरू करू पाहणारा कोणी. दोघांचाही पहिला प्रश्न ठरलेला: दुसरं इंजिन केवढ्याला पडेल? मुरलेला मिस्त्री त्याआधी वेगळंच विचारतो: हे कशानं गेलं?

या धंद्याचं सगळं मर्म त्या प्रश्नात आहे. बोटीचं इंजिन सहसा म्हातारपणाने जात नाही. त्याला घालवणारी गोष्ट टाकीत, एक्झॉस्टमध्ये, थंड पाण्याच्या वाटेत किंवा शाफ्टच्या रेषेत असते. इंजिन उचलून बाहेर ठेवलं तरी ती बोटीतच राहते आणि नव्याची वाट बघते.

ट्रकचं इंजिन, समुद्राचं पाणी

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वीपणे चाललं. त्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तेवढ्यात फवारलेलं तेल आपोआप पेटतं. भारतात मासेमारी होड्यांना यंत्र बसवण्याच्या कामाला मोठी चालना मिळाली ती १९५२ च्या भारत-नॉर्वे करारानंतर. केरळात नींडकरा इथे त्या प्रकल्पाचं काम उभं राहिलं. पुढे सारा पश्चिम किनारा शिडाकडून डिझेलकडे वळला.

सागरी इंजिन म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं मूळचं ट्रकचं किंवा जनरेटरचं असतं. अशोक लेलँड हे नाव घाटात जितकं ओळखीचं, तितकंच बंदरात. ठोकळा, क्रँक, पिस्टन सगळं तेच. फरक भोवतालच्या जोडण्यांत. ट्रकच्या रेडिएटरला वारा मिळतो, बोटीच्या पोटात तो मिळत नाही. म्हणून तिथे हीट एक्स्चेंजर येतो: इंजिनात फिरणारं गोडं पाणी एका बाजूने, पंपाने खेचलेलं समुद्राचं पाणी दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ नळ्यांची भिंत. गिअरबॉक्स वेगळा, कारण बोटीला पुढे, मागे आणि मोकळं एवढंच लागतं.

बहुतेक दुखणी याच जोडण्यांमध्ये सुरू होतात. ट्रकच्या इंजिनाला समुद्र ठाऊक नसतो. त्याला समुद्रापासून लांब ठेवणारे भाग झिजले, फुटले किंवा तुंबले की मग ठोकळ्याची पाळी येते.

सेल्फला हात लावायचा नाही

पडून असलेल्या इंजिनापाशी हौशी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे बॅटरी लावून सेल्फ मारून बघणं. अनुभवी मिस्त्री आधी हातातला पाना मारून त्याला थांबवेल. कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना पिस्टन जोराने वर आला तर पाणी हटत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्त होणारं इंजिन एका बटणात भंगारात जाऊ शकतं.

म्हणून आधी डिपस्टिक. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं की त्यात पाणी मिसळलंय. इंजिन बरेच दिवस फिरलेलंच नसेल तर पाणी खाली बसतं आणि वरचं ऑइल काळं, चांगलं दिसतं. तिथे डिपस्टिक फसवते. त्यासाठी ऑइलच्या चेंबरचा खालचा नट थोडा सैल करून पहिली धार भांड्यात घ्यायची. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकायचा. शुद्ध ऑइल नुसतं पसरून धुरावतं, पाणी असलं तर तडतडतं. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय होणारी ही परीक्षा आजही खोटी ठरत नाही.

पाणी सापडलं की ते कुठलं, हे शोधायचं. एक्स्चेंजरच्या टाकीतलं गोडं पाणी कमी झालं असेल तर संशय हेड गॅस्केटवर, तडकलेल्या हेडवर किंवा लाइनरच्या रबरी रिंगांवर. टाकी भरलेली असून ऑइलमध्ये पाणी आलं असेल तर ते बाहेरून आलंय: समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या सीलमधून, एक्झॉस्टमधून, किंवा बोटीच्या पोटात साचून थेट वर चढून. पहिल्या बाबतीत इंजिन उघडावं लागतं. दुसऱ्या बाबतीत बोट दुरुस्त करावी लागते, आणि ते न करता इंजिन उघडलं तर सगळी मेहनत वाया.

पावसाळ्यात एक गुन्हेगार नेहमीचा आहे. अनेक मासेमारी बोटींचा एक्झॉस्टचा पाइप केबिनच्या वर सरळ उभा असतो. जूनमध्ये त्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घालायचा राहिला की सरी पाइपातून खाली मॅनिफोल्डमध्ये उतरतात. जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल त्याच्यातून पाणी थेट पिस्टनवर. दोन महिन्यांत रिंगा लाइनरला गंजून चिकटतात. मग इंजिन ‘जाम’ आहे म्हणून बोट विकायला निघते.

जाम सोडवायला जोर लागत नाही, दम लागतो. सगळी नोझल काढायची. आत पाणी असेल तर त्याला भोकांतून वर यायला वाट मिळते. प्रत्येक भोकात डिझेल आणि पातळ ऑइलचं मिश्रण ओतायचं आणि मुरू द्यायचं. मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून अगदी थोडं पुढे, थोडं मागे. हलत नसेल तर पुन्हा मिश्रण, पुन्हा थांबणं. एका दिशेने जबरदस्ती केली की रिंग तुटते आणि लाइनरवर ओरखडा उठतो.

फिरायला लागलं की मग हवा, तेल आणि दाब या तिन्हींचा हिशेब. धूर यात मदत करतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त. बोटीला न झेपणारा पंखा बसवला असला तरी तोच दिसतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ. इंजिन चालू होऊन लगेच दम टाकत असेल तर बहुतेकदा तेलाच्या ओढीच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरतेय. एखादा वॉशर बदलायचा असतो, आणि लोक पंप खोलून बसतात. टाकीचा तळही बघायला हवा. दमट हवेने टाकीत पाणी सुटतं, ते डिझेलच्या खाली बसतं आणि दोहोंच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा काळपट गाळ वाढतो. फिल्टर सारखा तुंबत असेल तर दोष फिल्टरचा नाही.

हेड उघडल्यावर

हेड काढायची वेळ आलीच तर सर्वांत बोलकी तपासणी पिस्टनच्या उंचीची. एकेक पिस्टन पूर्ण वर आणायचा आणि ठोकळ्याच्या सपाटीपासून तो किती वर किंवा खाली आहे हे डायल गेजने मोजायचं. सगळे सारखे आले तर ठीक. त्यातला एकच बाकीच्यांहून खाली थांबला तर त्याचा रॉड वाकलाय, म्हणजे कधीतरी या सिलिंडरमध्ये पाणी होतं आणि कोणीतरी सेल्फ मारला होता. मालकाला आठवत नसलं तरी पिस्टन सांगतो.

हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज घालून बघतात. फट निघाली की हेड तापून वाकलंय. मशीन शॉपमध्ये फेस मारून आणावं लागतं. पण हेड तापलं कशानं? समुद्राच्या पाण्याच्या पंपात रबराचा इम्पेलर असतो. तो कोरडा फिरला की त्याच्या पाकळ्या तुटतात. नवा इम्पेलर घालून मोकळं होणाऱ्याची पुढच्या महिन्यात पुन्हा तीच तक्रार, कारण तुटलेल्या पाकळ्या एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून राहिलेल्या असतात. जितक्या पाकळ्या गेल्या तितके तुकडे हातात आल्याशिवाय काम पुरं होत नाही. मुंबईच्या आसपास आणखी एक कारण फार दिसतं: पाणी खेचणाऱ्या तोंडाला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी.

एक टन वजन आणि भरतीची वेळ

ठोकळा तडकलाय, क्रँक गेलाय किंवा सुटे भाग मिळत नाहीत, असं ठरलं की मगच इंजिन वर काढायचं. गिअरसकट सहा सिलिंडरचं जुनं इंजिन एक टनाच्या आसपास भरू शकतं.

बॅटरी सोडायची, समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, ऑइल आणि पाणी काढून घ्यायचं. डिझेलची येणारी आणि परतणारी नळी वेगवेगळी खूण करून ठेवायची, कारण उलट जोडलेल्या नळ्यांनी अनेक चांगली इंजिनं बदनाम केलीत. कपलिंगचे बोल्ट सोडण्याआधी, बोट पाण्यात असेल तर, शाफ्ट बांधून टाकायचा. तो मागे सरकून ट्यूबमधून निसटला तर तिथून समुद्र आत येतो. इंजिनाच्या पायांखालच्या पातळ पट्ट्या ज्या जागेवरून निघाल्या त्या जागेच्या नावानिशी तारेत ओवून ठेवायच्या.

उचलण्याच्या दोन रीती. किनाऱ्यावर तीन जाड वासे बांधून तिवई उभी करतात आणि चेन पुलीने इंजिन हाताहाताने वर घेतात. जेट्टीवर हायड्रा क्रेन बोलावतात, तेव्हा घड्याळ चंद्राचं चालतं: पुरत्या भरतीला डेक जेट्टीच्या जवळपास येतो, ओहोटीला तो कित्येक फूट खाली जातो आणि क्रेनची तार तिरकी पडते. केबिनची छतफळी आधीच काढलेली हवी. पट्टा उचलायच्या कड्यांनाच लावायचा, पंपाला किंवा पाइपाला नाही. लटकत्या वजनाखाली कोणीही उभं राहायचं नाही, मालकसुद्धा.

इंजिन निघालं की खाली जे दिसतं ते सगळ्यात महत्त्वाचं. बेडचं लाकूड टोचून बघायचं. लाकूड कुजवण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी पटाईत असतं, म्हणूनच पावसाळ्यात शाकारणी करतात. बेड मऊ झाला असेल तर इंजिन थरथरत होतं, गिअरचं सील त्यामुळेच गळत होतं आणि शाफ्टची रेषाही त्यामुळेच सुटली होती.

दुसरं इंजिन

मुंबईत दारूखाना आणि गुजरातेत अलंग इथल्या जहाजतोडणीतून जुनी सागरी इंजिनं बाजारात येतात. मोठ्या जहाजांच्या लाइफबोटींची इंजिनं फारशी चाललेली नसतात, म्हणून ती मोहात पाडतात. पण न चाललेलं म्हणजे चांगलं असं नाही. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या रिंगा आणि सील चालून झिजलेल्यापेक्षा वाईट असू शकतात. घेण्याआधी हाताने फिरवून बघावं, आणि शक्य असेल तर चालू करून दाब मोजून घ्यावा.

जास्त घोडाशक्तीचं इंजिन घेतलं म्हणजे बोट जास्त पळेल हाही गैरसमज. गिअरचं प्रमाण आणि पंख्याचा व्यास व पिच इंजिनाशी जुळले नाहीत तर जादा ताकद धुरात जाते. शिवाय वजन बदललं की बोटीचा तोल बदलतो.

बसवणीची शेवटची पायरी घाईत उरकली जाते. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज घालून फट मोजतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीला साधारण ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही. हे माप बोट किनाऱ्यावर असताना घेऊन भागत नाही. ठोकळ्यांवर टेकलेली बोट आणि पाण्यावर तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो, लाकडी बोटीत तर जास्तच. बोट पाण्यात उतरवून, टाक्या भरून, एक-दोन दिवस जाऊ देऊन पुन्हा मोजायचं आणि मगच बोल्ट शेवटचे आवळायचे.

यंदाच्या बंदीकाळात कोणी जुनी बोट घेणार असेल तर सौद्याआधी चार गोष्टी करून घ्याव्यात: चेंबरच्या तळाचं ऑइल बघावं, नोझल काढून इंजिन हाताने फिरवावं, टाकीचा तळ उपसावा आणि बेडच्या लाकडात टोच्या मारावा. विकणारा यातल्या एकालाही नाही म्हणत असेल तर ती बोट सोडून द्यावी. आणि घेतलीच, तर जुनं इंजिन कशानं गेलं ते सापडेपर्यंत नव्याचे पैसे मोजू नयेत.