मोठा पडदा निवडताना : शेवटच्या रांगेचे गणित

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे या स्थापनादिनाच्या निमित्ताने खरीप शेतकरी मेळावा भरतो. अशा मेळाव्यात कापसावरील गुलाबी बोंडअळीचे चित्र दाखवायचे असो, किंवा शाळेच्या सभागृहात पेशीविभाजनाचे, प्रश्न एकच असतो. शेवटच्या रांगेत बसलेल्याला ते नीट दिसते काय? बंदिस्त जागेसाठी आज प्रोजेक्टर, एलसीडी फलकांची भिंत आणि एलईडी भिंत असे तीन मुख्य पर्याय आहेत. त्यांतील कोणता कोठे योग्य, हे ठरवण्यासाठी प्रकाश आणि डोळा यांचे थोडे गणित पुरते.

प्रथम डोळ्याकडे पाहू. निरोगी डोळ्याला सुमारे १ मिनिट कोनाएवढा, म्हणजे १ अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. पांढऱ्या कागदावर १ मिमी जाडीच्या काळ्या रेघा १ मिमी अंतर सोडून काढा आणि कागद भिंतीवर लावून मागे सरकत जा. साधारण ३.४ मीटरनंतर रेघा मिसळून करडा रंग दिसू लागतो. यावरून सोपा नियम मिळतो : तपशील जितके मिलिमीटर, त्याच्या ३.४ पट मीटरपर्यंत तो ओळखता येतो.

आता १२ मीटर लांबीचे सभागृह घेऊ. १२ मीटरवरून दिसण्यासाठी तपशील किमान ३.५ मिमी हवा. देवनागरीत हे विशेष महत्त्वाचे आहे. ‘रग’ आणि ‘रंग’ यांत फरक केवळ एका टिंबाचा. टिंब अक्षराच्या उंचीच्या सुमारे दहाव्या भागाएवढे धरले, तर अक्षर किमान ३५ मिमी उंच हवे. आमच्या मते सहज वाचनासाठी ५० मिमी धरावे.

प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकतो, पण काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातील काळा भाग म्हणजे प्रकाश न पडलेला पांढरा पडदाच. ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर ३ × २ मीटरच्या पडद्यावर ५०० लक्स प्रकाश देतो. खिडक्यांतून पडद्यावर २५० लक्स येत असतील, तर पांढऱ्या भागावर ७५० आणि काळ्या भागावर २५० लक्स पडतात. म्हणजे उजेड-अंधाराचे गुणोत्तर अवघे ३ होते. अंधार करून बाहेरचा प्रकाश ५ लक्सवर आणला, तर तेच १०१ होते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा खिडक्या बंद करून मुलांना बसवणे कठीण, ही प्रोजेक्टरची खरी अडचण आहे. जेथे अंधार करता येतो, तेथे मात्र कमी खर्चात सर्वांत मोठे चित्र तोच देतो.

एलसीडी फलकात मागे दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्याचा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. ५५ इंची चार फलक जोडले की सुमारे २.४ × १.३६ मीटरची भिंत होते. पूर्ण एचडी फलकातील बिंदू ०.६३ मिमीचे असल्याने ३ मीटरवरील पहिल्या रांगेलाही ते वेगळे दिसत नाहीत. उजेडातही चित्र स्पष्ट राहते. उणीव सांध्यांची. चांगल्या फलकांतही १ ते ४ मिमीची काळी रेघ राहते आणि ती नेमकी नकाशाच्या किंवा तक्त्याच्या मधोमध येते.

एलईडी भिंतीत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो. निळ्या एलईडीमुळे पूर्ण रंगीत भिंती शक्य झाल्या. तिच्या जनकांना, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना, २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. या भिंतीला दिसणारे सांधे नसतात आणि ती हव्या त्या आकाराची करता येते. परंतु बिंदूंमधील अंतर २.५ मिमी असेल, तर ८.५ मीटरच्या आत बसलेल्यांना ठिपके जाणवतात. अंतर ४ मिमी असेल, तर ३५ मिमीच्या अक्षराला उंचीत जेमतेम ९ बिंदू मिळतात. त्यांत जोडाक्षर आणि मात्रा नीट बसत नाहीत. अंतर कमी करावे, तर बिंदूंची संख्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर निम्मे केले की बिंदू चौपट, आणि किंमतही झपाट्याने चढते.

विजेचाही विचार करावा. साध्या एलसीडीचा मागचा दिवा आणि दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काळे चित्र असतानाही जळत राहतो. एलईडी भिंतीत मात्र काळे बिंदू विझलेले असतात. म्हणून तिच्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवल्यास वीज वाचते.

तात्पर्य, अंधार करता येत असेल तर प्रोजेक्टर. उजेड असून पहिली रांग जवळ असेल तर एलसीडी. सभागृह मोठे आणि पहिली रांग दूर असेल तर एलईडी. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून तीन मोजमापे करून घ्यावीत : पहिल्या रांगेचे अंतर, शेवटच्या रांगेचे अंतर आणि दुपारी पडद्याच्या जागी पडणारा प्रकाश. प्रकाशाचा अंदाज मोबाइलवरील लक्समापकानेही येतो. मग ५० मिमी उंचीची अक्षरे कागदावर लिहून भिंतीवर लावावीत आणि मागच्या बाकावरच्या मुलाला वाचायला सांगावे. त्याला वाचता आले नाही, तर कितीही महाग पडदा घेतला तरी अक्षर मोठे करण्यावाचून इलाज नाही.