कच्च्या लिंबांची टीम

शाळेला कायमचा रामराम ठोकायचं स्वप्न तुम्हीही कधी ना कधी पाहिलं असेलच. पण खरंच शाळा नसती, तर पीटीचा तास कुठून आला असता? मधल्या सुट्टीतली पकडापकडी? आंतरशालेय कबड्डीची टीम?

अमेरिकेत घरीच शिकणाऱ्या मुलांपुढे हा प्रश्न रोजचा आहे. तिथे पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे आणि ते निवडणाऱ्यांत कॅथलिक कुटुंबंही आहेत. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली म्हटलं, ते या घरांनी अगदी मनावर घेतलंय. (त्याच दस्तऐवजात कॅथलिक शाळांचंही महत्त्व सांगितलंय, पण ते असो.) गणित, इतिहास, धर्मशिक्षण सगळं जेवणाच्या टेबलावर उरकतं. फुटबॉल मात्र टेबलावर होत नाही ना!

मग त्यांनी काढलेला मार्ग तुम्हाला ओळखीचा वाटेल. आठवड्यातला एक दिवस ठरवायचा, सकाळची मिस्सा आटोपायची, डबे घेऊन पार्कात जमायचं आणि आले असतील तेवढ्यांत दोन टीम पाडायच्या. कोच नाही, ट्रायल्स नाहीत. अडचण फक्त वयाची. एका घरातली चार-पाच भावंडं एकदम येतात, त्यामुळे सोळा वर्षांचा दादा आणि पाच वर्षांची धाकटी एकाच मैदानात. म्हणून खेळही तसेच निवडायचे. उदाहरणार्थ किकबॉल, म्हणजे बेसबॉलच, पण बॅटऐवजी मोठ्या रबरी बॉलला लाथ घालायची. धाकटीला बॉल जवळून आणि हळू सोडायचा, ती आउट झाली तरी मोजायचं नाही. आपल्या गल्लीतलं कच्चं लिंबू!

थोड्या मोठ्यांसाठी अल्टिमेट फ्रिस्बी. १९६८ मध्ये न्यू जर्सीतल्या मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या पोरांनी सुरू केलेला हा खेळ. यात रेफरीच नसतो. फाउल झाला की खेळाडूंनीच बोलायचं, आपसात मिटवायचं. शिट्टी घेऊन उन्हात उभं राहण्यापासून आईबाबा सुटले!

खेळ आणि प्रार्थना एकाच दिवशी, ही कल्पना तशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीनमध्ये डॉन बॉस्को कामकरी पोरांना रविवारी असंच जमवायचे. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा त्यांच्याच नावाची. आणि पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेला पोलंडमधला करोल वोयतिवा लहानपणी गोलकीपर होता. गावातल्या ज्यू मुलांच्या टीमला गोलकीपर कमी पडला, तर तो त्यांच्याकडून उभा राहायचा.

हे सगळं गोड आहे, पण खरी गोची होते ती त्या सोळा वर्षांच्या दादाची. त्याला खरंच चांगलं खेळता येत असेल तर? कच्च्या लिंबांत खेळून कुणी कॉलेजच्या टीममध्ये जात नाही. फ्लोरिडात १९९६ च्या कायद्यानं घरी शिकणाऱ्यांना सरकारी शाळेच्या टीमचं दार उघडलं. त्यातूनच टिम टीबो आला. तो कॅथलिक नाही, पण होमस्कूलवाल्यांचा हिरो आहे. २००७ मध्ये त्यानं अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली सर्वोच्च मानली जाणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली. व्हर्जिनियात मात्र तसंच विधेयक राज्यपालांनी २०१५ पासून सलग तीन वर्षं परत पाठवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की शाळेतल्या मुलांना टीमसाठी मार्कांची अट असते, मग घरच्यांना का नको? मला हा मुद्दा अगदीच चुकीचा वाटत नाही. पण आईबाबांच्या निर्णयापायी पोराचं मैदान जावं, हेही पटत नाही. अशांसाठी काही ठिकाणी चर्चच्या लीग आहेत. शिकागोत १९३० साली बिशप शील यांनी सुरू केलेली कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन त्यातली जुनी.

आणि हो, तुमच्या कॉलेजच्या मैदानावर अल्टिमेट खेळून बघायचं असेल, तर एका बाजूला सात जण, एक फ्रिस्बी आणि हद्द आखायला चपला एवढंच लागतं. येताना धाकट्या बहिणीलाही आणा.