भाताच्या खाचरातला कोळी

"बाई, कोळी म्हणजे कीटकच ना?" वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही! कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. भातात तर तो किडींचा वैरीच.

कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. पण खाचरातला लांडगा कोळी जाळं न विणता चुडाच्या बुंध्याशी, अगदी पाण्यावरूनसुद्धा पळत शिकार करतो. तपकिरी तुडतुडेही नेमके तिथेच रस शोषत बसलेले असतात. मादी अंड्यांची पिशवी मागे चिकटवून हिंडते आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना पाठीवर घेते. (हे ऐकताना वर्ग एकदम शांत होतो.)

आता फवारणीचं बघा. चार तुडतुडे दिसले की आपण पंप काढतो. उघड्यावर फिरणारा कोळी त्यात मरतो. तुडतुड्यांची अंडी मात्र चुडाला वेढणाऱ्या पानाच्या आत रोवलेली, ती वाचतात. ती फुटतात तेव्हा पिल्लांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणूनच इंडोनेशियाने १९८६ साली भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

पालकहो, पंप काढण्याआधी मुलांना बांधावर न्या. विंचूकाट्याचं भान ठेवून चूड बाजूला करा आणि कोळी किती, तुडतुडे किती, ते त्यांनाच मोजू द्या.