लिनक्स पॅकेजांची गतिवृद्धी : प्रोफाइलाधारित संकलन आणि देवनागरी मजकूर

प्रस्तावना :
अनेक महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून काम चालविले जाते. यंत्रे बदलणे शक्य नसते तेव्हा त्याच यंत्रांकडून अधिक काम घेण्याचे मार्ग शोधावे लागतात. प्रोग्रॅमच्या प्रत्यक्ष वापराची नोंद कंपायलरला पुरवून तोच प्रोग्रॅम पुन्हा संकलित करणे हा त्यांपैकी एक मार्ग होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप सांगून, मराठी मजकुरावर काम करणाऱ्यास तिचा लाभ केव्हा होतो व तोटा केव्हा संभवतो, याचा विचार केला आहे.

पद्धतीचे स्वरूप :
गुणपत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये 'गुण 35 पेक्षा कमी असल्यास' अशी अट असते. ही अट शंभरात किती वेळा खरी ठरेल, हे कंपायलरला ठाऊक नसते. तो अंदाज बांधतो. डोनाल्ड क्नूथ यांनी 1971 मध्ये फोरट्रान प्रोग्रॅमांच्या अभ्यासातून दाखवून दिले की, प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ खातो. हा भाग कोणता, हे कळल्यास कंपायलर नेमके तेथेच श्रम घेऊ शकतो.

जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये हे काम दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत प्रोग्रॅममध्ये मोजणी करणाऱ्या सूचना घातल्या जातात. असा प्रोग्रॅम मंद चालतो, परंतु कोणती शाखा किती वेळा घेतली याची नोंद ठेवतो. त्यावर नमुन्यादाखल काम करून घेतल्यानंतर दुसऱ्या फेरीत त्या नोंदीच्या आधारे संकलन होते. वारंवार लागणाऱ्या सूचना एकमेकींलगत येतात, छोटी फंक्शने जागच्या जागी उलगडली जातात आणि प्रोसेसरच्या कॅशचा उपयोग वाढतो. खर्ड्यावरून पक्की वही लिहिणाऱ्या कारकुनाची रीत याहून फारशी वेगळी नव्हती.

कंपायलरच्या अंतर्रचनेचे शिक्षण महाराष्ट्रातही झालेले आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जीसीसी रिसोर्स सेंटरने 2011 मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली होती.

नमुना कोणाचा?
या पद्धतीचा खरा प्रश्न दुसऱ्या फेरीत दिसतो. नमुन्याच्या कामात जो भाग एकदाही चालला नाही, तो जीसीसी निरुपयोगी समजून वेगापेक्षा आकार कमी करण्याच्या दृष्टीने संकलित करतो. म्हणजे नमुना ज्याचा, वेग त्याचा.

जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव 1795 च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासाच्या प्राध्यापकांना परिचित आहे. येथे केवळ त्याचे नाव पाहावयाचे आहे. 'खर्डा' हा शब्द संगणकात ख, र, हलन्त चिन्ह, ड व काना अशा पाच युनिकोड चिन्हांनी साठविला जातो. पडद्यावर मात्र 'र' चा रफार होऊन तो पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो. हे स्थानांतर हार्फबझ या लायब्ररीतील भारतीय लिप्यांसाठीचा स्वतंत्र भाग करतो. फायरफॉक्स व लिबरऑफिस या लायब्ररीचाच उपयोग करतात. केवळ इंग्रजी पाने उघडून नमुना घेतला, तर हा भाग चालतच नाही.

पायथॉनचे उदाहरण थोडे वेगळे आहे. डेबियन, उबुंटू व फेडोरा या वितरणांतील पायथॉन याच पद्धतीने संकलित होतो आणि नमुना म्हणून त्याच्याच निवडक चाचण्या चालविल्या जातात. आवृत्ती 3.3 (2012) पासून पायथॉन साध्या इंग्रजी मजकुराचे अक्षर एका बाइटमध्ये, तर देवनागरीचे चिन्ह दोन बाइटांत ठेवतो. दोहोंसाठी संकलित फंक्शने निरनिराळी असतात. चाचण्यांत युनिकोडचाही समावेश आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि चाचणीचा हेतू शुद्धता तपासणे हा असतो. तीत क्वचित घडणाऱ्या चुकीलाही नित्याच्या कामाइतकेच वजन मिळते. नित्याच्या कामाचे ते प्रमाण नव्हे.

या अडचणीची दखल जीसीसीच्या 10 व्या आवृत्तीने (2020) घेतली. तीत आंशिक नमुन्याचा पर्याय आला असून, तो दिल्यास न चाललेली फंक्शने नोंद नसल्याप्रमाणे सर्वसामान्य रीतीने संकलित होतात. वेग वाढत नाही, पण दंडही बसत नाही. वितरण तयार करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. एकाच स्रोतापासून प्रत्येक वेळी तंतोतंत तेच पॅकेज निघावे, असा डेबियनचा प्रयत्न आहे. अनेक धागे एकाच वेळी चालविणाऱ्या प्रोग्रॅमची मोजणी मात्र दर खेपेस थोडी बदलते.

महाविद्यालयीन उपयोग :
लिनक्समध्ये पॅकेजाचा स्रोत उपलब्ध असल्याने दुसरी फेरी आपल्या कक्षातही करता येते. विद्यार्थ्यांच्या मराठी नावांची अकारविल्हे यादी लावणे, मराठी प्रश्नपत्रिका उघडणे व जतन करणे अशी रोजची कामे नमुना म्हणून घ्यावीत. नोंद व अंतिम संकलन यांसाठी स्रोत आणि कंपायलरची आवृत्ती एकच असावी लागते. त्यामुळे सुरक्षाविषयक सुधारणा आली की सर्व काम पुन्हा करणे आले. हे श्रम थोडे नाहीत; म्हणून ज्या एक-दोन पॅकेजांवर कक्षाचा बहुतांश वेळ जातो, त्यांच्यापुरतेच ते करावेत. वेगाचे मोजमाप नमुन्यातील मजकुरावर करू नये. मागील वर्षाची यादी नमुन्यास वापरली असल्यास चालू वर्षाची यादी मोजमापास घ्यावी, आणि त्याच यंत्रावर वितरणाचे मूळ पॅकेजही मोजावे.