ब्लेड, चिकटपट्टी आणि कालप्रवास

१९६३ च्या उन्हाळ्यात बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपकडे एका नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीताचं काम आलं. लंडनच्या मेडा व्हेलमधला हा छोटासा विभाग नाटकांना आणि इतर कार्यक्रमांना चित्रविचित्र आवाज पुरवायचा. संगीतकार रॉन ग्रेनर यांनी धून कागदावर उतरवून दिली होती. ती ऐकू येण्याजोगी करायची होती डेलिया डर्बीशर यांनी. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या बाईंना त्याआधी एका ध्वनिमुद्रण कंपनीने ‘आम्ही स्टुडिओत बायका ठेवत नाही’ असं सांगून परत पाठवलं होतं.

वादक नव्हते, सिंथेसायझर अजून बाजारात यायचा होता. डर्बीशर यांनी एका ताणलेल्या तारेचा टणत्कार टेपवर घेतला. टेप दुप्पट वेगाने फिरवली की कंपनसंख्या दुप्पट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. मधल्या वेगांवर मधले स्वर मिळतात. असा एकेक स्वर तयार करायचा, हव्या लांबीचा तुकडा ब्लेडने कापायचा आणि पुढच्या तुकड्याला चिकटवायचा. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर साडेसात इंच म्हणजे अर्धा सेकंद. लय इथे अक्षरशः फूटपट्टीने मोजली जात होती. वरची सुरावट ऑसिलेटरची. हे यंत्र खरं तर इतर उपकरणं तपासण्यासाठी असतं. त्याचं बटण हाताने फिरवून त्यातून मींड काढली. फुसकारे आले ते व्हाइट नॉइज, म्हणजे सगळ्या कंपनसंख्यांची सरमिसळ असलेली खरखर, गाळून.

मल्टिट्रॅक यंत्रही नव्हतं. त्यामुळे खर्ज, सुरावट, फुसकारे अशा वेगवेगळ्या टेप वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करायच्या. एकदा कुठलासा स्वर जागेवर बसेना. तेव्हा डर्बीशर आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांनी सगळ्या टेप इमारतीच्या लांबलचक बोळात शेजारी शेजारी पसरल्या आणि जोड बघत चालत गेले. एका टेपचा जोड इतरांच्या पुढे-मागे दिसला, तिथे चूक सापडली. तयार धून ऐकून ग्रेनर थक्क झाले आणि श्रेय वाटून घ्यायला निघाले, पण वर्कशॉपमधल्यांची नावं द्यायची नाहीत हा संस्थेचा शिरस्ता. मालिकेच्या पडद्यावर डर्बीशर यांचं नाव झळकलं २०१३ मध्ये. त्या २००१ मध्येच गेल्या होत्या.

ही मालिका म्हणजे कालप्रवासाची ‘डॉक्टर हू’. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांना शनिवारी संध्याकाळी मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवणारी गोष्ट हवी होती, म्हणून पात्रांत एक विज्ञानाचा शिक्षक आणि एक इतिहासाची शिक्षिका. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट २७ वर्षांच्या. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहूनही लहान, २४ वर्षांचे. हुसेन जन्मले लखनौत, लेखिका आतिया हुसेन यांच्या पोटी. पहिला भाग न्यूमन यांना पसंत पडला नाही आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. अखेर तो २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला गेला, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या बातमीच्या गदारोळात तो अनेकांच्या नजरेतून सुटला, म्हणून आठवड्याने दुसरा भाग येण्याआधी पहिला पुन्हा दाखवला.

कथेतलं विज्ञान बेताचंच होतं, हे सांगितलेलं बरं. खरे प्रयोग चालले होते ते पडद्यामागे. शीर्षकात धुरासारखे वर सरकणारे आकार बर्नार्ड लॉज यांनी कसे मिळवले? कॅमेरा त्याच्याच मॉनिटरसमोर धरून. कॅमेरा मॉनिटरचं चित्र टिपतो, ते चित्र मॉनिटरवर उमटतं, कॅमेरा ते पुन्हा टिपतो. प्रत्येक फेरीत उजेडातला बारीकसा फरक वाढत जातो आणि आकार आपोआप उमलू लागतात. माइक लाउडस्पीकरजवळ नेल्यावर जी किंचाळी उठते, तिचंच हे डोळ्यांना दिसणारं रूप. कालयान टार्डिसची घरघर वर्कशॉपमधल्याच ब्रायन हॉजसन यांची: मोडक्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराच्या दाराची चावी घासून घेतलेला आवाज, मग टेपवरच्या करामती.

डिसेंबरात यंत्रासारख्या कवचातले परग्रहवासी, डॅलेक, आले आणि मालिकेचं नशीब पालटलं. परग्रहावरचे बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, अशी न्यूमन यांची ताकीद होती. लँबर्ट यांनी ते तरीही आणले. त्यांचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून काढला जाई. मुळात टेलिफोनच्या तंत्रातलं हे मंडल दोन लहरींचा गुणाकार करतं. समजा, नटाच्या आवाजात २०० हर्ट्‌झचा स्वर आहे आणि सोबत ३० हर्ट्‌झची लहर दिली. तर बाहेर येतात २३० आणि १७०. मूळ स्वर नाहीसाच होतो. माणसाच्या आवाजातल्या उपस्वरांचं आपसातलं साधं गुणोत्तर त्यामुळे बिघडतं आणि कानाला तो आवाज जिवंत माणसाचा वाटत नाही. नट बाजूला माइकवर बोलत. डॅलेकच्या आत बसलेला माणूस पायांनी तो सांगाडा ढकलायचा आणि शब्दांबरोबर डोक्यावरचे दिवे लावायचा. नाहीतर कोणता डॅलेक बोलतोय हे कळायचं कसं? त्यांचा आकार योजणारे रेमंड क्युसिक बीबीसीचे पगारी नोकर. लेखक टेरी नेशन यांच्याकडे हक्क होते, खेळण्यांच्या बाजारातून त्यांनी बख्खळ कमावलं. क्युसिक यांची बोळवण किरकोळ बक्षिसीवर झाली.

कामाचा गाडा आठवड्याचा. चार दिवस तालमी आणि शुक्रवारी संध्याकाळी लाइम ग्रोव्हच्या स्टुडिओत जवळजवळ सलग चित्रण. टेप महाग आणि संकलन म्हणजे तीही ब्लेडने कापणं, म्हणून अडखळलेली वाक्यं बऱ्याचदा तशीच राहिली. सप्टेंबर १९६४ पर्यंत ४२ भाग झाले. मग टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमांना वापरल्या. आज जे भाग दिसतात ते परदेशांत विकण्यासाठी मॉनिटरवरून उतरवलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या कृपेने. पहिल्या वर्षातले नऊ भाग त्यातही हरवले. हुसेन यांनी बहुतांशी दिग्दर्शित केलेल्या ‘मार्को पोलो’चे तर सातही. आवाज मात्र सगळ्यांचा शिल्लक आहे, कारण काही शौकीन घरी टीव्हीवरून तो टेपरेकॉर्डरवर उतरवत होते. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या कथेचे हरवलेले दोन भाग याच आवाजावर ॲनिमेशन बसवून २०१३ मध्ये डीव्हीडीवर आले.